सेल्फ सोडला की पकडते

आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं दुखणं सांगायला सोपं होतं. सेल्फ मारत राहिलं की इंजिन गरागरा फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. शेवटी बॅटरीची दया येऊन सेल्फ सोडला की नेमका त्याच क्षणी आतून एक ठसका यायचा आणि नशीब असेल तर गाडी चालू व्हायची. ढकलली तर मात्र काहीच तक्रार नाही. आमचं घर म्हार्दोळला, रस्ता उताराचा. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की चार पावलांत चालू, आणि आवाज असा गोड, की मघाशी अडून बसली होती ती हीच का, असं वाटावं. मग फोंडा असो, पणजी असो, दिवसभर कुरकुर नाही. इंजिन गरम असलं तर सेल्फवरही लगेच घ्यायची. सकाळी, त्यातून आदल्या रात्री पाऊस झालेला असला, की मग हिचा हट्ट सुरू.

गाडी १९८४ सालची, सासऱ्यांनी घेतलेली. नंबरप्लेट अजून जुन्या जीडी मालिकेतली, गोवा-दमण-दीव एकत्र केंद्रशासित होते तेव्हाची. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, घराणं फियाट ११००चं. बरीच वर्षं ती वास्कोला समुद्राच्या वाऱ्यात उभी असायची. नंतर आमच्याकडे आली, म्हणजे कुळागराच्या, सुपारी-नारळाच्या बागेच्या, दमटपणात. मीठ आणि ओल, दोन्हींचा पाहुणचार घेऊन झालेला.

जुन्या गाडीच्या दुखण्यावर सल्ला द्यायला गोव्यात माणसांची कमी नाही. बाजारातून परत येताना बॉनेट उघडं ठेवून उभे राहा, तीन जण तरी थांबतात. एकाने सांगितलं कार्बोरेटर. दुसऱ्याने चोक. तिसऱ्याने हल्ली सगळे करतात तेच केलं, इथेनॉलवर खापर फोडलं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि डायफ्रॅम खराब होतात हे खरं, पण पेट्रोलला सेल्फ आणि धक्का यांतला फरक कळत नाही. ढकलून पकडणाऱ्या गाडीत पेट्रोल पोचतंय हे उघड आहे. सेल्फ मारून थकल्यावर प्लग काढला तर टोक ओलं आणि पेट्रोलचा भपकारा. आत माल पोचत होता, पेटवणारं कोणी नव्हतं.

आमच्या मेस्तचं, म्हणजे मेकॅनिकचं, निदान वेगळं होतं. "पात्रांव, गाडी म्हातारी जाल्या," असं म्हणून त्याने कॉइल, म्हणजे बॅटरीच्या थोड्या व्होल्टांतून ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारं वेटोळं, बदलायला सांगितली. बॅटरीच्या दुकानात बॅटरी बदलायला सांगितली. प्रत्येक जण आपापल्या कपाटात जे आहे ते सुचवत होता. यात वाईट काही नाही, धंदा आहे. पण कॉइल जर खराब असेल तर ती धक्का मारल्यावर अचानक बरी कशी होते, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. बॅटरीबद्दलही तेच. सेल्फ जोमात फिरवणारी बॅटरी अशक्त कशी म्हणायची?

सेल्फ आणि धक्का यांत फरक काय, तर सेल्फ मारताना बॅटरीतून शंभरावर अँपिअर खेचले जातात आणि तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, खाली येतो. साडेबारा व्होल्टची बॅटरी तेवढ्या वेळापुरती दहाच्या आसपास उतरते. हे निरोगी बॅटरीचंही होतं. ढकलताना सेल्फ गप्प असतो, त्यामुळे कॉइलला पुरा दाब मिळतो. सेल्फ सोडला त्या क्षणीही तेच होतं: इंजिन अजून वेगात फिरतंय, सेल्फचा भार संपलाय, बॅटरीचा दाब उसळून वर आलाय, आणि त्या अर्ध्या सेकंदात धड ठिणगी पडते. तो ठसका म्हणजे गाडीने स्वतःहून दिलेली कबुली होती. प्रश्न एवढाच, की दहा व्होल्टवर प्रत्येक निरोगी पद्मिनी चालू होते, मग ही का नाही? म्हणजे कॉइलपर्यंत दहाही पोचत नसणार.

या गाडीचं इग्निशन जुन्या केटरिंग पद्धतीचं आहे. बॅटरीचा करंट चावीच्या स्विचमधून कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात जातो आणि तिथून डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) पॉइंटमार्गे बॉडीला मिळतो. पॉइंट म्हणजे उघडमीट करणारा छोटा संपर्क. पॉइंट मिटलेला असतो तोवर कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र साठत राहतं. कॅम फिरून पॉइंट उघडला की करंट तुटतो, ते क्षेत्र कोसळतं आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. रोटर, कॅप, प्लग वायर असं करत ते प्लगच्या गॅपमध्ये उडी मारतात. यात लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे साठलेली ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. करंट निम्मा झाला की ऊर्जा पावच उरते. त्यामुळे दाबात झालेली थोडी घटही ठिणगीला फार महागात पडते. गंमत अशी, की चार्ल्स केटरिंगने बॅटरी आणि कॉइलचं हे इग्निशन कॅडिलॅकसाठी तयार केलं आणि १९१२च्या कॅडिलॅकला विजेवर चालणारा सेल्फही त्यानेच दिला. ठिणगी आणि तिच्या तोंडचा घास काढून घेणारा सेल्फ, दोन्ही एकाच डोक्यातून निघालेले.

मेस्तने प्लग बाहेर काढून, बॉडीला टेकवून ठिणगी दाखवली होती. पडत होती. बारीक, पिवळसर, आवाज नसलेली. "आहे ना करंट?" असं त्याचं म्हणणं. करंट होता, पण उघड्या हवेत गॅप ओलांडायला लागणारा दाब आणि सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात लागणारा दाब यांत मोठा फरक आहे. हवा जितकी दाट, तितकी ठिणगीची उडी अवघड. बाहेर कशीबशी पडणारी पिवळी ठिणगी आत गेली की पडतच नाही. चांगली ठिणगी निळसर-पांढरी असते आणि तिचा टचटच आवाज हातभर अंतरावरून ऐकू येतो.

पॉइंट आणि कंडेन्सर आधी उरकले. पॉइंटच्या एका बाजूला छोटा उंचवटा, दुसऱ्या बाजूला खळगा. बारीक फाइलने सपाट केले, कागद ओढून साफ केले, फिलर गेजची पातळ मापपट्टी लावून गॅप ०.४ मिलिमीटरवर आणला. कंडेन्सर, म्हणजे पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू न देणारी डबी, स्वस्त असतो, तो बदलून टाकला. फरक पडला, पण दुखणं तसंच. पॉइंट मिटलेला असताना त्याच्यावर किती व्होल्ट अडकतात तेही मोजलं. आधी ०.३ येत होते, साफसफाईनंतर ०.१. तिथे गुन्हेगार नव्हता.

मग मल्टिमीटर घेऊन कॉइलकडे वळलो. काळी पिन इंजिनला, लाल पिन कॉइलच्या प्लसला, चावी ऑन. मीटरवर १२.५. बॅटरीवर १२.६. इथे बहुतेक जण मीटर मिटून कॉइल विकत आणायला निघतात, कारण आकडा उत्तम आहे. माझा भाचाही तेच म्हणाला, "मामा, पुरे बारा येतायत की, वायरिंग ओके."

पण त्या वेळी पॉइंट उघडा होता. पॉइंट उघडा म्हणजे करंट वाहत नाही, आणि करंट वाहत नसेल तर गंजलेला जोडही पुरा दाब दाखवतो. नळ बंद असताना अर्ध्या तुंबलेल्या पाइपालाही टाकीचा पुरता दाब असतो, तोटी उघडल्यावर धार बारीक का ते कळतं. तशी तोटी उघडायची होती. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटवता येतो, पण त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे क्लिप लावलेल्या वायरीने कॉइलचं मायनस टोक थेट इंजिनला जोडणं. पॉइंट कुठेही असो, कॉइलमधून सतत करंट वाहतो. शिवाय सेल्फ मारला तरी गाडी चालू होत नाही, म्हणजे निवांत मोजता येतं. फक्त चावी फार वेळ ऑन ठेवायची नाही, कॉइल तापते. आकडा वाचला की बंद.

वायर लावली, चावी ऑन केली. बॅटरीवर १२.४. कॉइलच्या प्लसवर १०.२.

दोन पूर्णांक दोन दशांश व्होल्ट वाटेत कुठेतरी गडप झाले होते, आणि अजून सेल्फला हातही लावला नव्हता. आता भाच्याला आत बसवलं आणि सेल्फ मारायला सांगितला. बॅटरीवर १०.१, म्हणजे बॅटरी चोख. कॉइलवर ७.८.

कागदावर हिशोब मांडला. या कॉइलचा प्राथमिक रोध मीटरवर ३.१ ओहम आला. पुरा दाब मिळाला तर १२.४ भागिले ३.१, म्हणजे ४ अँपिअर. सेल्फ मारताना मिळत होते ७.८ भागिले ३.१, अडीचच्या आसपास. अडीच आणि चार यांच्या वर्गांचं गुणोत्तर काढलं तर ठिणगीच्या हाती चाळीस टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा. थंड इंजिन, पावसाळी हवा, ओला प्लग. चालू न होणं हेच स्वाभाविक होतं.

खात्रीसाठी एक जाड वायर बॅटरीच्या प्लसवरून थेट कॉइलच्या प्लसला लावली, चावीचा सगळा मार्ग वगळून. मायनसची क्लिप काढली. भाच्याने सेल्फ मारला आणि गाडी दुसऱ्या फेऱ्याला चालू झाली. थंड इंजिन, सकाळ, रात्रभर पाऊस पडून गेलेला, तरीही. ही चाचणी करणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं: अशी वायर लावली की चावीने गाडी बंद होत नाही, वायर काढावी लागते. आणि वायरीचं मोकळं टोक बॉडीला टेकलं तर ठिणग्यांची आतषबाजी होते, तेव्हा आधी कॉइलकडचं टोक लावायचं, मग बॅटरीचं. काढताना उलट क्रमाने.

कॉइल निर्दोष ठरली. नवी घेतली नाही हे बरंच झालं, कारण मेस्तच्या ओळखीच्या दुकानात जी पुढे केली होती तिच्यावर मीटर लावल्यावर दीड ओहम आले होते. ती बॅलास्ट रोध, म्हणजे कॉइलच्या वाटेत करंट आवरायला घातलेला वेगळा रोध, असलेल्या गाड्यांसाठीची. आमच्या गाडीत बॅलास्ट नाही. ती कॉइल लावली असती तर आठ अँपिअर वाहिले असते. गाडी सुरुवातीला झकास चालू झाली असती, सगळे खूश, आणि काही दिवसांत पॉइंट जळून कोळसा. दुकानात कॉइल घेताना डबीवर छापलेल्या मोठ्या अक्षरांपेक्षा दोन टोकांतला ओहमचा आकडा बघावा. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, पण मोजू देतो.

आता वाट शोधायची. इथे लोक प्रत्येक ठिकाणी बॉडीशी व्होल्टेज मोजत जातात आणि १२.१, ११.९ अशा आकड्यांत हरवतात. त्यापेक्षा हरवलेला व्होल्ट थेट मोजावा. चावी ऑन, कॉइलचं मायनस बॉडीला, आणि मीटरच्या दोन्ही पिना त्याच वायरीच्या दोन टोकांना. वायर निरोगी असेल तर शून्याच्या जवळ, नसेल तर जितके तिने खाल्ले तितके. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर कायम ठेवून काळी पिन पुढे सरकवत नेली, तरी चालतं. त्यासाठी एक लांब वायर लागते, तेवढंच.

बॅटरीचा खांब ते सेल्फचा खिळा: ०.०५. छान. तिथून चावीच्या स्विचच्या आत येणाऱ्या टोकापर्यंत आणखी ०.२. चाळीस वर्षांच्या वायरीला हे माफ. चावीच्या स्विचच्या आत-बाहेर: ०.५५. हे जास्त होतं, पण सगळा घोटाळा एवढ्याने होत नव्हता. स्विचच्या बाहेर पडलेल्या वायरीपासून कॉइलपर्यंत उरलेले १.४. सरळ वायर असती तर दीड मीटरभर तांब्यावर एवढं हरवणं शक्यच नव्हतं. म्हणजे ती सरळ नव्हती.

डॅशबोर्डखाली उताणा झोपून टॉर्च मारला तेव्हा दिसलं. चावीच्या स्विचमधून निघालेली मूळ वायर मध्येच तोडलेली, आणि तिथून दोन बारक्या वायरी खाली स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एका टॉगल स्विचकडे गेलेल्या. चोर स्विच. ज्यांनी आठवणीतल्या फियाट वापरल्यात त्यांना हे नवीन नाही. दरवाजाचं कुलूप आगपेटीच्या काडीने उघडेल अशी ख्याती असलेल्या गाडीत कुठेतरी एक गुप्त बटण असायचंच. सासरे वास्कोत असताना कोणा इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतलेलं असावं. बायकोला विचारलं तर तिला लख्ख आठवत होतं. "पप्पा उतरताना पायाशी वाकायचे, आम्हाला वाटायचं चप्पल शोधतायत." ते बटण आमच्याकडे आल्यापासून कायम ऑन होतं. गालिच्याच्या कडेआड गेलेलं, कोणाच्या ध्यानीमनी नाही.

दोन्ही पिना त्याच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या वायरीवर लावल्या. १.२५ व्होल्ट. उरलेले ०.१५ पुढच्या वायरीत, ते चालण्यासारखं. चावी थोडी जास्त वेळ ऑन राहिली तेव्हा स्विचला बोट लावलं तर तो कोमट लागला. सव्वा व्होल्ट गुणिले सव्वातीन अँपिअर, चार वॉट. ठिणगीची ऊर्जा माझ्या बोटाला ऊब देत होती.

काळी टेप सोडवायला घेतली. ती सुटेना, वितळून राळेसारखी चिकटून बसलेली. नखाने ओरबाडली तेव्हा आतला जोड दिसला. सोल्डर नाही, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) नाही, दोन वायरींचे झुबके नुसते एकमेकांत पिळलेले. तांबं तांब्याच्या रंगाचं राहिलंच नव्हतं. बाहेरून हिरवट पूड, आतून काळपट. झुबका जरा वाकवला तर तारा टपाटप तुटल्या आणि धरून ठेवणाऱ्या तीन-चारच उरल्या. वायरही दाराच्या घंटीला वापरतात तसल्या जाडीची. स्विच उघडून पाहिला, आतले संपर्क मिठाच्या हवेने पांढुरके पडलेले. असल्या जोडावर गाडी इतकी वर्षं उन्हाळ्यात का होईना चालू होत होती, हे त्या इंजिनाचं मोठेपण म्हणायचं. पावसात ओल धरली की जोडाचा रोध वाढायचा, इंजिन तापलं की पेट घ्यायला कमी ऊर्जा पुरायची. सकाळचा हट्ट आणि दुपारचा शहाणपणा, दोन्हींचा उलगडा झाला.

चोर स्विच काढून टाकला. चावीपासून कॉइलपर्यंत नवी, मूळ जाडीची एकसंध वायर ओढली, टोकांना थिंबल दाबून त्यांवर सोल्डर, वरून आकसणारी नळी. चावीचा स्विच काढून उघडला. आतली पितळी पट्टी काळी पडली होती, ती बारीक पॉलिश पेपरने घासली, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. त्याचे ०.५५ थेट ०.१५वर आले. नवा स्विच बाजारात मिळतो, पण मी जे हाताळले ते इतके हलके आणि खुळखुळे होते, की जुनं पितळ घासलेलं बरं. अर्थात ज्याची चावी आधीच डुगडुगते त्याने बदलावाच.

राहिली अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट. सेल्फ मारताना कॉइलवर ७.८ आले होते, आणि वायरीतल्या घटीने एकट्याने हिशोब पुरा होत नव्हता. म्हणून एक पिन इंजिनाच्या लोखंडाला, दुसरी बॅटरीच्या मायनस खांबाला लावून सेल्फ मारला. ०.६ व्होल्ट. चावी नुसती ऑन असताना हा आकडा शून्याजवळ असतो, कारण तीन अँपिअरला वाट पुरते. सेल्फचे शंभरावर अँपिअर परत यायला लागले की कोंडी होते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीशी त्याचं विजेचं नातं एका विणलेल्या पट्टीवर अवलंबून असतं. आमची पट्टी दिसायला होती, पण बोल्टखाली रंग आणि गंज. पट्टी नवी घातली, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, घट्ट आवळल्यावर वरून ग्रीस. आता सेल्फ मारताना ०.१५. या पट्टीकडे कोणी बघत नाही याचं मला नवल वाटतं. सगळे प्लसच्या मागे लागतात, आणि करंट तर तेवढाच मायनसने परत येतो.

पुन्हा तीच मोजणी. चावी ऑन, कॉइलचं मायनस बॉडीला: बॅटरी १२.४, कॉइल ११.९५. सेल्फ मारताना बॅटरी १०.२, कॉइल ९.७. करंट अडीचवरून तीन अँपिअरच्या वर. मायनसची क्लिप काढली, प्लग बाहेर काढून ठिणगी बघितली. निळी, आणि टचटच ऐकू येणारी. भाचा मोबाइलवर शूटिंग करत होता, त्यालाही ऐकू आली. प्लग बसवले, चोक ओढला, सेल्फ. धक्क्याला सवकलेल्या शेजाऱ्यांचा मुलगा गेटपाशी येऊन उभा राहिला होता, त्याला तसंच परत जावं लागलं.

मेस्तला आकड्यांचा कागद दाखवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, मग थेट डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि म्हणाला, "हें काम म्हजें न्हय, वायरमनाचें." खोटं नाही. गॅरेजवाला इंजिन बघतो, वायरमन लाइट आणि हॉर्न बघतो. चावी ते कॉइल हा तुकडा दोघांच्या मधल्या बांधावर पडतो, म्हणून तो कोणीच नांगरत नाही. मेस्तचा कान मात्र मानावा लागेल. गाडी चालू झाल्यावर दोन मिनिटं नुसता ऐकत उभा राहिला आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, केसभर पुढे आहे म्हणाला. खरंच होतं. अशक्त ठिणगीला सावरायला कोणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवून ठेवला होता. तो त्याने जागेवर आणला.

चोर स्विच काढला म्हणून घरात एक नाराजी उरली, सासऱ्यांची आठवण वगैरे. ते बटण पुसून खणात ठेवलंय. पण सुरक्षेची सोय हवीच असेल तर ती कॉइलच्या वाटेत मालिकेत घालू नये, एवढं मी कोणालाही सांगेन. घालायचीच तर त्या बटणाने रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच, चालवावा आणि कॉइलचा करंट रिलेच्या जाड संपर्कांतून न्यावा. बटणातून मग नाममात्रच करंट जातो, तिथे जोड थोडा गंजला तरी ठिणगीचं काही बिघडत नाही. मी रिलेही घातला नाही. बॅटरीच्या मायनस खांबावर फिरवून काढायची कट-ऑफ मूठ बसवली. मूठ खिशात टाकली की गाडीत वीजच नाही. चोरालाही नाही, आणि पावसाळ्यात वायरी कुरतडणाऱ्या उंदरांमुळे शॉर्ट होण्याची भीतीही नाही. बसवल्यावर तिच्यावरची घट सेल्फ मारून मोजली, कारण हलक्या पितळेच्या मुठी स्वतःच अर्धा व्होल्ट खातात. माझी ०.०८ दाखवते. ठीक आहे.

आकड्यांचा कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय, पुढच्या पावसाळ्यात ताडून बघायला. सध्या मीटर हेडलाइटकडे वळलाय. त्या पिवळ्या आणि मिणमिणत्या आहेत हे वर्षानुवर्षं जुन्या गाडीचं लक्षण म्हणून चालवून घेतलं होतं. परवा बल्बच्या होल्डरवर पिना लावल्या तर बॅटरीत १२.४ असताना तिथे १०.६ येत होते, आणि डाव्या मडगार्डच्या आत हात घातला तर बोटांना टेपचा चिकट गोळा लागला. तो गणेश चवथीनंतर सोडवायचा आहे. तोवर रात्रीची गाडी काढत नाही.